तिसरं वाक्य

सोजरबाईंनी आम्हाला पाच वाक्यं पाठ करायला लावली होती आणि त्यातलं तिसरं मी गिळलं. पुढे जे झालं ते सगळं त्यापायी.

ही २००६ सालची गोष्ट. मी ब्रह्मपुरीहून पुण्याला आरोग्य आणि समाजकार्य शिकायला आले होते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, आणि आठवड्यातले तीन दिवस सकाळी फील्डवर्क. म्हणजे वर्गात जे काही डोक्यात शिरलं असेल ते लोकांच्या घरी जाऊन वापरायचं. बाकीच्या मुलींना शाळा मिळाल्या, वृद्धाश्रम मिळाले. मला मिळाला क्षयरोगाचा दवाखाना. मी मुळातच भित्री. गावी विहिरीत डोकावतानासुद्धा मागून कोणीतरी ओढणी धरायला लागायचं. पहिले आठ दिवस मी दवाखान्याची पायरी श्वास कोंडूनच चढायची.

सोजरबाई तिथल्या आरोग्यसेविका, मुळशीकडच्या, पंचवीस वर्षं याच कामात. आम्हा विद्यार्थिनींना त्या 'कालिजातल्या बाया' म्हणायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी गोळ्यांचा एक डबा माझ्या हातात दिला. प्रत्येक पेशंटचा स्वतंत्र डबा असायचा, वर त्याचं नाव.

"सोम, बुध, शुक्कर जायाचं. गोळ्या घरी ठिवून यायचं न्हाय. तुझ्या डोळ्यांम्होरं गिळल्या पायजेत. तोंड उघडाया लावायचं, जिभंखाली बघायचं, मगच कार्डावर टिक. मानूस कलेक्टर का असंना!"

मग ती पाच वाक्यं. सातही गोळ्या एकदम घ्यायच्या. मळमळलं तरी बंद करायच्या नाहीत. लघवी लाल होईल, ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. खोकताना तोंडावर रुमाल धरायचा. आणि घरात सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर आज सांगायचं, उद्या नाही. मी रात्री खोलीवर पाचही वाक्यं घडाघडा म्हणून दाखवली. भिंतीसमोर.

माझा पेशंट निघाला नारायण पेठेतला. गोपाळकृष्ण पेंडसे, वय अडुसष्ट, शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, दारावर पितळी पाटी, पाटीखाली 'विक्रेत्यांनी आपला व आमचा वेळ वाचवावा'. त्यांनी दार उघडलं, मी नाव-गाव सांगितलं, तसं मला नखशिखान्त पाहून ते म्हणाले, "आपण ब्रह्मपुरीहून इतक्या लांब आम्हाला गोळ्या चारायला आलात? तिकडे कोणी आजारी पडत नाही वाटतं?"

"पडतात जी," मी म्हणाले.

"जी!" ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

त्यांच्या अटी ठरलेल्या होत्या. यायचं ते सकाळी सातला, मिनिटभर पुढे-मागे नाही. डबा पिशवीत, वर वही. कोणी विचारलं तर मी गणिताच्या शिकवणीला येते. क्षय झालाय हे पेठेत कळलं तर शेजारचे लोक जिन्यातला कठडासुद्धा धरणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तळमजल्यावरच्या गोदाबाई तर दुसऱ्या आठवड्यापासून मला विचारायला लागल्या, "काय गं, भूमिती संपली का?"

आता बघा, शिकवणीला आलेली मुलगी सरांना 'आ करा' कसं म्हणणार?

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर सातही गोळ्या घेतल्या. सहा पांढरट आणि एक लालबुंद कॅप्सूल. पाणी प्यायले, मिशा पुसल्या. त्यांच्या पत्नी कुसुमकाकू दाराशी उभ्या होत्या. मी पहिलं वाक्य म्हटलं, दुसरं म्हटलं. तिसऱ्याला जीभ टाळ्याला चिकटली. आमच्या घरी वडिलांसमोर आम्ही मुली 'बाहेर जाऊन येते' एवढंच म्हणत आलो. हे तर सर, माझ्या आजोबांच्या वयाचे, पांढरंशुभ्र धोतर नेसून ताठ बसलेले. त्यांना मी लघवीचा रंग सांगू? माझे कान तापले. मी थेट चौथ्यावर उडी मारली. पाचवं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "या घरात आम्ही दोघंच राहतो." मी तसं लिहून घेतलं.

बुधवारी गेले तर सरांचा नूर पालटलेला होता. चेहरा उतरलेला, बोलण्यातली धार दुप्पट. "ठेवा तिथे. न्याहारीनंतर घेईन. चौतीस वर्षं मी मुलांच्या वह्या तपासल्या, आता माझं तोंड तपासणार का आपण?"

मी गोळ्या ठेवल्या. जिन्यात थांबून कार्डावर टिक केली. शुक्रवारी त्यांनी मला बुधवारचं रिकामं पाकीट परत दिलं, नीट चौकोनी घडी घालून. मला हायसं वाटलं. रिकामं पाकीट म्हणजे गोळ्या पोटात, दुसरं काय? असे पाच आठवडे गेले. पंधरा टिका झाल्या, सगळ्या एका मापाच्या. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं.

खोकला मात्र कमी होत नव्हता. तो मला ऐकू येत होता, ऐकू येत नव्हता असं मी म्हणणार नाही. पण सोजरबाईंना सांगायचं तर 'तोंडात बघितलंस का' हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले. फील्डवर्कमध्ये नापास म्हणजे वर्ष वाया, आणि वर्ष वाया म्हणजे बाबा परत बोलावून लग्न लावणार, हे गणित मला शिकवणीशिवाय येत होतं.

सहाव्या आठवड्यातल्या सोमवारी येरवड्याला जाणारी मुलगी आजारी पडली. सोजरबाईंनी मला तिकडचे दोन पेशंट आधी उरकायला सांगितले. पेंडसेसरांकडे पोहोचायला साडेदहा वाजले. उशीर झाल्याबद्दल काय काय ऐकावं लागेल याची उजळणी करत मी बेल दाबली.

कुसुमकाकूंनी दार उघडलं. त्यांच्या कडेवर एक बाळ होतं.

वर्षभराची असेल मुलगी. दोन बारीक शेंड्या, हनुवटीवर लाळ. माझ्याकडे बघून ती खुदकन हसली. मी हसले नाही.

"आमची नात, आनंदी," काकू म्हणाल्या. "मुलाची, पुष्करची. तो आणि सून दोघंही हिंजवडीला नोकरीला असतात ना, आठला इथे सोडतात आणि कंपनीची बस पकडतात. संध्याकाळी साडेसातला नेतात."

आठला. म्हणून मला सातला बोलावत होते.

"रोज?" मी विचारलं.

"शनिवार-रविवार सोडून." मग माझा चेहरा बघून त्या घाईने म्हणाल्या, "अगं, आम्ही विचारलंय. गोळ्या सुरू झाल्या की पंधरा दिवसांनी लागण होत नाही म्हणाले ना तुमचे डॉक्टर? पहिले पंधरा दिवस मी अंगात कणकण आहे सांगून पाठवू नका म्हटलं होतं. मुलांना उगाच कशाला घोर लावायचा?"

बरोबर होतं. गोळ्या नेमाने पोटात जात असतील तर अगदी बरोबर होतं. मी आत गेले. सर खुर्चीत बसले होते, तोंडाला रुमाल बांधून. मला बघून ते उठलेच नाहीत. एरवी साडेतीन तासांच्या उशिरावर त्यांनी मला सोलून काढलं असतं. आज त्यांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

काकूंनी आनंदीला खाली ठेवलं. ती रांगत कपाटाकडे गेली, खालच्या फळीवरून एक जुनी पत्र्याची कंपासपेटी ओढली आणि दोन्ही हातांनी हलवायला लागली. खुळखुळ, खुळखुळ.

"ठेव ती!" सर ओरडले. असं ओरडले की बाळाने दचकून पेटी टाकली. झाकण उघडलं आणि फरशीवर गोळ्या पसरल्या. सगळीकडे. पांढऱ्या, आणि मधूनमधून लालबुंद कॅप्सूल.

मग काकू अगदी हळू म्हणाल्या, "अहो, हे काय आहे?"

मी खाली बसले. बाळाला उचलून काकूंच्या हातात दिलं आणि गोळ्या गोळा करायला लागले. सरही खुर्चीवरून उतरून फरशीवर बसले. धोतराचा सोगा बाजूला घेऊन ते मोजायला लागले. मोजल्याशिवाय त्यांना राहवेना. पंधरा डोस, त्यातला पहिला घेतलेला. उरले चौदा. चौदा साते अठ्ठ्याण्णव.

पेटीत सत्त्याण्णव होत्या.

पुन्हा मोजल्या. रंगाप्रमाणे वेगळ्या केल्या. पांढऱ्या चौऱ्याऐंशी, बरोबर. लाल तेरा.

"एक कमी आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखला नाही.

आम्ही तिघांनी एकदम आनंदीकडे पाहिलं. ती आजीच्या खांद्यावर गाल घासत होती. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी लालसर होतं. एवढ्याशा जिवाला मोठ्या माणसाची ती कॅप्सूल. पोटात गेली असेल तर? घशात अडकली असेल तर? आणि ही गोळी या घरात आली माझ्या हाताने, आणि राहिली माझ्या टिकेमुळे.

"आनंदी," मी म्हणाले, "आ कर. आ."

तिने लगेच तोंड उघडलं. चार दात, गुलाबी जीभ, जिभेखाली काही नाही. पाच आठवडे जे मला एका म्हाताऱ्या माणसाला सांगता आलं नाही ते बाळाने एका शब्दात केलं. ओठावरचं मी बोटाने पुसलं, वास घेतला. बीट होतं, सकाळच्या खिचडीतलं. पण कॅप्सूलचा हिशेब त्याने लागत नव्हता. मी दिवाणाखाली पालथी पडले, कपाटाखालून झाडू फिरवला, चपलांमध्ये हात घातला. काकू रडत रडत देवाचं नाव घेत होत्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण त्या दिवशी तो पाठी नव्हता, त्या खोलीतच होता.

"सापडली," सर म्हणाले.

ते फरशीवरच बसलेले होते. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी ती कॅप्सूल काढली आणि तळहातावर धरली. घामाने ती थोडी चिकट झाली होती. "सकाळी काढून ठेवली होती. आज तरी घ्यावी म्हणून. रोज एक काढतो. विसरलोच होतो खिशात आहे ते." मग काकूंकडे न बघता म्हणाले, "धीर होत नाही."

"कसला धीर?" मी विचारलं.

त्यांनी रुमाल खाली ओढला. "पहिल्या दिवशी घेतल्या. दुपारी... रक्त गेलं. लघवीवाटे. लालभडक. थोरल्या भावाला असंच झालं होतं, चार महिन्यांत आटोपला. मला वाटलं या गोळ्यांनी माझी मूत्रपिंडं फुटली. हिला सांगितलं असतं तर हिने पुष्करला सांगितलं असतं, आणि उद्यापासून बाळ पाळणाघरात. आणि आपल्याला," ते थांबले, "तुला कसं सांगणार होतो मी? शिकवणीच्या पोरीला?"

माझा चेहरा भाजल्यासारखा झाला. पण आता लाजायला जागा उरली नव्हती.

"सर, ते रक्त नव्हतं," मी म्हणाले. "लघवी लाल होते. औषधाचा रंग आहे तो. त्या लाल कॅप्सूलचा. सगळ्यांची होते. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायचं होतं."

"मग का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली जी."

ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मलाही."

मग त्यांनी भराभर सात गोळ्या वेगळ्या काढल्या. "हे बघ, मी आत्ता घेतो. तुझ्यासमोर. आजपासून एकही चुकवणार नाही. कार्ड आहे तसं राहू दे. तुझ्या टिका झालेल्या आहेत, माझ्या गोळ्या सुरू होतील. कोणाला कशाला कळायला हवं? पंधरा दिवस आम्ही बाळाला लांब ठेवू, काहीतरी कारण काढू."

खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. माझं वर्ष वाचत होतं, त्यांची नात राहत होती, पेठेत झाकली मूठ झाकलेली. फक्त एकच माणूस असं होतं ज्याला या व्यवहारातलं काही कळत नव्हतं, आणि ते काकूंच्या खांद्यावर बोट चोखत होतं. पाच आठवड्यांतले पहिले दोन सोडले तरी तीन आठवडे, रोज साडेअकरा तास, या दोन खोल्यांत.

"सर, तिला तपासायला लागेल," मी म्हणाले. "आजच. फोन कुठे आहे?"

"अगं, थांब, ऐक माझं..."

"अहो, तुम्ही गप्प बसा," काकू म्हणाल्या, आणि भिंतीवरच्या यादीतला सुनेचा, सलोनीचा नंबर त्यांनी मला बोट ठेवून दाखवला. मी दोनदा चुकीचा फिरवला. तिसऱ्यांदा लागला.

सलोनी तासाभरात हिंजवडीहून रिक्षाने आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं. मी तिला सगळं सांगितलं, टिकांसकट. तिने बेसिनवर हात धुतले, बाळ घेतलं, आणि दारातून वळून मला विचारलं, "तुम्ही शिकता हे, ना? युनिव्हर्सिटीत?"

"हो."

"ओके," ती म्हणाली. त्या एका शब्दाने मला जी लाज वाटली ती आजवर कोणी दिलेल्या शिवीने वाटली नाही.

आनंदीच्या हातावर त्वचेची चाचणी केली. दंडाच्या खाली एक टोचणी आणि त्याभोवती पेनाने काढलेलं वर्तुळ. तीन दिवसांनी ते बघायचं होतं. त्या तीन दिवसांत मी काय खाल्लं ते मला आठवत नाही. डोळे मिटले की ते वर्तुळ दिसायचं. सोजरबाईंनी माझं कार्ड बघितलं, टिकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "लई सुबक हाय गं तुझं खोटं." बस, एवढंच. कॉलेजने फील्डवर्क रद्द केलं. वर्ष गेलं. बाबांचा फोन आला तो मी कानापासून लांब धरून ऐकला, पण परत गेले नाही.

तिसऱ्या दिवशी वर्तुळातली जागा फुगली होती. सोजरबाईंनी पट्टी लावून मोजलं. बारा मिलिमीटर. जंतू बाळाच्या शरीरात शिरले होते. पुष्कर खुर्चीतून उठून बाहेर गेला. मग एक्स-रे काढला, डॉक्टरांनी तो उजेडासमोर इतका वेळ धरला की मला ओरडावंसं वाटलं. फुप्फुसं स्वच्छ होती. आजार झाला नव्हता. तो होऊ नये म्हणून सहा महिने रोज एक गोळी, कुटून, मधातून.

सलोनी म्हणाली, "रोज यांनी यायचं. माझ्यासमोर द्यायची." तिचं बोट माझ्याकडे होतं.

म्हणून त्या वाया गेलेल्या वर्षात मी रोज सकाळी पावणेसातला स्वारगेटहून बस पकडून पुष्कर-सलोनीच्या फ्लॅटवर जायची. पहिल्या दिवशी सलोनीने दार अर्धंच उघडलं. समोरच्या दारात शेजारी पेपर उचलत होते. मी तिथेच, उंबऱ्यावर उभी राहून, जिन्यात घुमेल अशा आवाजात म्हणाले, "या गोळीने लघवी लाल होत नाही. झाली, डोळे पिवळे दिसले, उलटी झाली, तर त्याच मिनिटाला मला सांगायचं." शेजारी पेपर तिथेच टाकून आत गेले. सलोनीने दार पूर्ण उघडलं.

सर तिकडे नारायण पेठेत नातीविना राहिले. डॉक्टरांची परवानगी मिळूनही सलोनीने बाळ तिकडे पाठवलं नाही, आणि तिला कोणी दोष दिला नाही. महिन्याभराने एका सकाळी मी मध कालवत असताना तिचा मोबाइल वाजला. तिने नाव बघितलं, क्षणभर थांबली, आणि स्पीकर लावून तो बाळाच्या खुर्चीजवळ ठेवला.

"आनंदी," सरांचा आवाज आला, "आ कर बघू."

बाळाने तोंड उघडलं. मी चमचा आत घातला, जिभेखाली बघितलं आणि कार्डावर टिक केली.

"केलं का तिने?" फोनमधून विचारलं.

"केलं जी," मी म्हणाले. "आणि तुम्ही?"

पलीकडून कुसुमकाकूंचा आवाज आला, लांबून, "अहो, आणखी मोठा आ करा. मला जिभेखालचं दिसत नाहीये."